मलेरियाचा ताप उतरला, पण डाव्या बरगडीखालचं दुखणं जात नाही. कुणाला अनुभव आहे का?

पाटणची_लेक (कोपरखैरणे)

नमस्कार. मी इथं वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. प्रश्न माझ्या मिस्टरांचा आहे. ते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत, वय ४१. गाव पाटण तालुक्यातलं, आता आम्ही कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीत राहतो.

मागच्या पंधरवड्यात त्यांना हुडहुडी भरून ताप आला. अंगावर गोधड्या टाकल्या, वर मी स्वतः हात दाबून बसले, तरी खाट हलत होती. मग अंग असं तापलं की हात लावता येईना. मग घाम, बनियन पिळून काढलं. आणि घाम गेल्यावर उठून म्हणतात, "आता बरंय, भाकरी वाढ." दुसरा दिवस नीट गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी जवळपास त्याच वेळेला परत सगळं पहिल्यापासून. नागरी आरोग्य केंद्रात रक्त दिलं, व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस दिली, ती संपली. आता प्रायमाक्विन चालू आहे, १४ दिवसांची.

ताप आता येत नाही. दुखणं राहिलंय. ताप होता तेव्हा डोकं फुटत होतं, ते थांबलं. कंबर धरलीय. पोटऱ्या एवढ्या दुखतात की जिना उतरताना कठडा सोडत नाहीत. आणि मला खरी काळजी आहे ती डाव्या बाजूची. शेवटच्या बरगडीखाली जड वाटतं म्हणतात, दीर्घ श्वास घेतला की कळ येते, डाव्या कुशीवर झोपता येत नाही. हे पण त्यांनी आपणहून सांगितलं नाही, रात्री कूस बदलताना कण्हले म्हणून मी खोदून विचारलं. डॉक्टरांनी "अजून काही त्रास?" विचारलं तर "काही नाही" म्हणून बाहेर आले. त्यांचं म्हणणं, रोज पाठीवर गोणी घेणाऱ्या माणसानं अंगदुखीची तक्रार काय करायची.

सासूबाई म्हणतात पाणथरी वाढलीय, एरंडेल लावून चोळ आणि विटेनं शेक. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दुखण्याची गोळी दिलीय, पाकिटावर असिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल असं लिहिलंय. मी अजून दिली नाही. आणि हे सोमवारपासून मार्केटला जायचं म्हणतायत. टोळीत माणसं कमी आहेत, कांद्याच्या गाड्या लागतायत, मुकादमाचे फोन येतायत. घरात बसून राहिलं की पगारात दिसतं, ते मलाही कळतं. पण मला भीती वाटते. हे दुखणं मलेरियाचंच आहे का? गोळी देऊ का? कामाला जाऊ देऊ का?

ऐरोली_सेक्टर_तीन

ताई, घाबरू नका. मला दोन पावसाळ्यांपूर्वी झाला होता, व्हायव्हॅक्सच. ताप गेल्यावरही पोटऱ्या आणि कंबर बरेच दिवस दुखत होती. ऐरोली स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबावं लागायचं. आपोआप गेलं. पायांना रात्री कोमट तेल लावायचो, शहाळं, पेज, भरपूर झोप. डाव्या बाजूचं मात्र मला काही नव्हतं, त्यावर जाणकारांनी सांगावं.

काचेवरचा_थेंब (कळवा)

ताई, तातडीचं आधी सांगतो. सोमवारी कामाला जाऊ देऊ नका. डाव्या बरगडीखाली चोळणं, शेकणं, बोटांनी दाबून बघणं, यातलं काहीही करू नका. सासूबाईंचं निदान बहुतेक बरोबर आहे, उपाय मात्र नको. उद्याच त्यांना डॉक्टरांकडे न्या, तुम्ही सोबत आत जा आणि डावी बाजू दुखते हे तुमच्या तोंडानं सांगा. ते पोट तपासतील, सोनोग्राफी सांगतील. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही बघून घ्या म्हणावं.

मी डॉक्टर नाही. पालिकेच्या प्रयोगशाळेत मलेरियाच्या काचा बघण्यात माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. जाड थेंब, पातळ थेंब, जेएसबीचा रंग, आणि भिंगाखाली निदान शंभर क्षेत्रं बघितल्याशिवाय "नाही" लिहायचं नाही, हे आमचं काम. त्यामुळे सांगतोय ते तेवढ्या अधिकारानं घ्या, पण ऐका.

मलेरियात दुखतं ते वेगवेगळ्या कारणांनी दुखतं. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून आत वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. व्हायव्हॅक्समध्ये हे साधारण ४८ तासांनी होतं, म्हणून तुमच्याकडे एक दिवस सोडून ताप आला. पेशी फुटल्या की त्यांतला कचरा रक्तात येतो, शरीराच्या संरक्षक पेशी त्यावर तुटून पडतात आणि काही रसायनं सोडतात. त्यांनीच ताप चढतो, आणि त्यांनीच डोकं, कंबर, मांड्या, सांधे एकदम ठणकायला लागतात. त्यात हुडहुडी. तासभर अंगातला प्रत्येक स्नायू थरथरत असतो, त्याचा शीण वेगळा. औषध लागू पडून रक्तातले जंतू मेले की हे दुखणं हळूहळू ओसरतं. ऐरोलीकरांचं हेच झालं असणार, आणि तुमच्या मिस्टरांची कंबरही बहुधा यातलीच.

डावी बाजू वेगळी. तिथं प्लीहा असते, म्हणजे सासूबाईंची पाणथरी. ती रक्ताची गाळणी आहे. जंतू शिरलेल्या आणि मोडक्या तांबड्या पेशी तिच्यात अडकतात, ती भरते, फुगते. तिच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि त्या ताणानं दुखतं. प्लीहा श्वासपटलाला लागून असते, म्हणून दीर्घ श्वास घेतला की कळ. तुम्ही जे लिहिलंय, डाव्या कुशीवर झोपता न येणं वगैरे, ते सगळं यात बसतं. उपचार पूर्ण झाले की बहुतेकांची प्लीहा काही आठवड्यांत पूर्ववत होते.

पण तोवर ती नाजूक असते. मलेरियात प्लीहा फुटणं क्वचित घडतं, घडलं तर पोटात रक्तस्राव होतो आणि जीवावर बेततं. पोटाला मार लागणं, जोरात दाब येणं ही त्याची कारणं. आणि श्वास रोखून पाठीवर गोणी घेणं म्हणजे पोटात दाबच. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला मी कदाचित "सांभाळून जा" म्हटलं असतं. माथाडीला नाही म्हणणार.

हे तेवढं सासूबाईंना आणि मुलांनाही सांगून ठेवा: डाव्या बाजूला अचानक जोराची कळ, डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, गार घाम, चेहरा पांढरा पडणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून सरळ मोठं रुग्णालय गाठायचं.

गोळीबद्दल. तुम्ही ती दिली नाहीत हे फार चांगलं केलंत. मलेरियात प्लेटलेट उतरतात, डेंग्यूतच उतरतात असं नाही. असिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावरही ताण येतो, आणि मलेरिया मूत्रपिंडाला आधीच त्रास देत असतो. दुखण्याचं इंजेक्शनही मागून घेऊ नका. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमची, डॉक्टर सांगतील त्या अंतरानं. मात्र सर्दी-तापाच्या आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेली असते. दोन वेगवेगळी पाकिटं फोडून नकळत दुप्पट जाते आणि यकृताला इजा होते. पाकिटाची मागची बाजू वाचायची तुम्हाला सवय दिसते, ती सोडू नका.

पोटऱ्यांबद्दल एक विचारायचं आहे. यंदाच्या पावसात ते मार्केटातल्या साचलेल्या पाण्यात चालले का? पायाला भेगा, जखम? डोळे लाल होते का? लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) ताप येतो आणि पोटऱ्या दाबल्या तरी सहन होत नाही इतक्या दुखतात. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो एकाच गल्लीत असतात, कधी एकाच माणसातही. हेही डॉक्टरांना सांगा.

आणि शेवटचं, जे मला मनापासून सांगायचंय. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहत होते तेव्हा साइटवरचे मजूर आमच्या खिडकीशी यायचे. काय होतंय विचारलं की एकच उत्तर, "बुखार." कुठं दुखतं? "सब जगह." त्यातल्या कितीतरी जणांनी ठेकेदारानं दिलेल्या दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस काढलेले असायचे. डोळे पिवळे झाल्यावर रक्त द्यायला यायचे. कष्टाची सवय असलेला माणूस दुखणं मोजतच नाही. पण दुखणं कुठं आहे, तापाबरोबर येतं की ताप गेल्यावरही राहतं, श्वासाबरोबर वाढतं की चालताना, या उत्तरांवर पुढचे निर्णय ठरतात. काचेवर मला जंतू दिसतो, प्लीहा दिसत नाही. ती रुग्णानं किंवा घरच्यांनीच सांगावी लागते. तुम्ही खोदून विचारलंत, तसंच विचारत राहा.

उलवे_रात्रपाळी

काकांनी सगळं नीट लिहिलंय. मी फक्त डोकेदुखीची भर घालतो, कुणी पुढे हा धागा वाचेल म्हणून.

मला फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा दुसरा, जास्त घातक प्रकार झाला होता. विमानतळाचं काम जोरात होतं, तिथं रात्री पहारा द्यायचो. आजूबाजूला खणलेले खड्डे, सगळ्यांत पाणी. माझ्यात ताप एक दिवस सोडून वगैरे आलाच नाही, सारखाच होता, कमी-जास्त. डोकं कपाळापासून मानेपर्यंत दुखायचं. गोळी घेतली की तासभर बरं, परत तेच. मग उजेड नको झाला, मग बोलणं नको झालं. बायकोनं जेवायचं विचारलं तर मी ड्युटीच्या रजिस्टरबद्दल काहीतरी बोलत होतो, हे तिनं नंतर सांगितलं. तिनं तेव्हाच भावाला बोलावून रिक्षात घातलं. दाखल करून आर्टेसुनेटची इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले अजून उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं.

डोकं दुखतंय तोवर माणूस सांगतो तरी. तो गुंगायला लागला, भलतंच बोलायला लागला की घरच्यांनी लगेच उठायचं.

काचेवरचा_थेंब (कळवा)

उलवेकर, तुमच्या घरच्यांचे आभार माना. फाल्सिपॅरमनं बाधित झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, मेंदूतल्याही. म्हणून त्यात गुंगी, भ्रम, झटके येतात. लघवी कमी होणं, धाप लागणं, डोळे पिवळे होणं, काही पोटात न ठरणं, ही पण त्याचीच धोक्याची लक्षणं. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर ही लक्षणं दिसेपर्यंतही थांबू नये.

आणि ताप एक दिवस सोडून येत नाही म्हणजे मलेरिया नाही, असं कुणी समजू नका. सुरुवातीला व्हायव्हॅक्सचा तापही पुष्कळदा रोज येतो. पहिली काच स्वच्छ निघाली आणि ताप चालूच राहिला, तर पुन्हा रक्त द्यायचं.

पाटणची_लेक (कोपरखैरणे)

काका, तुमचं लिहिलेलं रात्रीच ह्यांना वाचून दाखवलं. आधी म्हणाले, "मोबाईलवरचं काय ऐकतेस." खांद्याच्या टोकाचं आणि गोणीचं आलं तेव्हा गप्प झाले. सकाळी स्वतःच शर्ट घालून तयार.

डॉक्टरांनी पोट तपासलं, अगदी हलक्या हातानं, आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. प्लीहा १५ सेंटिमीटर आलीय. १२-१३ च्या वर गेली की वाढलेली धरतात म्हणाले. प्लेटलेट ९४ हजार. हिमोग्लोबिनही कमी आहे. आत कुठं रक्त साचलेलं नाही, हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. वजन उचलायचं नाही, दुचाकीवर मागं बसून खड्ड्यांतून जायचं नाही, महिन्यानं परत सोनोग्राफी. मेडिकलवाल्याची गोळी दाखवली, ती बंद म्हणाले, पॅरासिटामॉल दिली. पोटऱ्यांचं तुमचं म्हणणं सांगितलं. मार्केटात पाणी होतंच, गुडघ्याच्या खाली. लेप्टोसाठी रक्त घेतलंय, रिपोर्ट यायचाय. डोळे लाल नव्हते.

आता नवीन एक. प्रायमाक्विन घेतल्यावर पोटात मुरडा येतो म्हणतात. हे पहाटे उठून नुसत्या चहावर घेतात. ताप गेलाय, मग ती राहिलेली गोळी घ्यायलाच पाहिजे का, असं विचारतायत. चौदा दिवस म्हणजे फार वाटतं त्यांना.

काचेवरचा_थेंब (कळवा)

घ्यायलाच पाहिजे, ताई. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात, त्यांच्यावर तिचा काही परिणाम होत नाही. प्रायमाक्विन त्यांच्यासाठी आहे. कोर्स अर्धवट सोडला तर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, डास न चावताही तोच ताप परत, तीच हुडहुडी, आणि आत्ताच कुठं निवत चाललेली प्लीहा परत फुगणार. लोकांना वाटतं नवा मलेरिया झाला. पुष्कळदा तो जुनाच असतो.

मुरड्याचं कारण नुसता चहा. गोळी जेवणानंतर द्या, भाकरी-आमटी पोटभर खाल्ल्यावर. वेळ रोज एकच ठेवा. तरी मुरडा राहिला तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी होऊ लागली, डोळे पिवळे वाटले, धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं, पुरुषांत हे जास्त आढळतं. त्यांच्या तांबड्या पेशी या औषधानं फुटतात. साधी रक्ततपासणी असते, त्यांची झाली आहे का ते विचारून घ्या. गरोदर बायकांना आणि अगदी तान्ह्या मुलांना ही गोळी देत नाहीत, म्हणून उरलेल्या गोळ्या घरात दुसऱ्या कुणासाठी ठेवायच्या नाहीत.

वसाहतीत गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं बघा. मलेरियाचा शहरातला डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, गटारात नाही. टाकी, पिंप, बांधकामावरचं साचलेलं पाणी ही त्याची ठिकाणं. आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं करून, आतून घासून कोरडं करायचं. आणि तुमच्या मजल्यावर अजून कुणाला ताप असेल तर त्यांचंही रक्त तपासायला सांगा.

तोलणार_वाशी

वहिनी, मी त्याच मार्केटात तोलणार आहे. मुकादमाच्या फोनचं वाचलं म्हणून लिहितोय. डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी घ्या, त्यात "वजन उचलू नये" आणि किती दिवस, हे स्पष्ट लिहून घ्या. तोंडी सांगितलं की पंधरा दिवसांनी माणूस गोणीखाली उभा असतो, मी बघितलंय. चिठ्ठी आणि सोनोग्राफीची झेरॉक्स मुकादमाकडे द्या, एक स्वतःकडे ठेवा. मुकादमही पाटण-जावळीकडचेच असतात बहुतेक, समजावून सांगितलं तर ऐकतात.

महिन्यानं डॉक्टरांनी हो म्हटलं तरी पहिल्या दिवसापासून पाठीवर नको. गोण्या शिवायला, कांदा निवडायला माणूस लागतोच. तेवढं मागून घ्या. दादांना लाजायचं काही कारण नाही, आमच्या गाळ्यावर आजारातून उठलेले अजून दोघं आत्ता तेच करतायत.

पाटणची_लेक (कोपरखैरणे)

दादा, चिठ्ठीचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्या लेप्टोचा रिपोर्ट आणायला जायचंय, तेव्हाच लिहून घेते. जी-सिक्स-पीडीचंही विचारते. आज गोळी रात्रीच्या जेवणावर दिली, मुरडा आला नाही. रिपोर्ट आला की इथंच लिहीन.

पाटणची_लेक (कोपरखैरणे)

लेप्टो निगेटिव्ह. जी-सिक्स-पीडी आधीच केलेली होती, नॉर्मल आहे, केसपेपरवर लिहिलेलं आम्ही वाचलं नव्हतं. चिठ्ठी मिळाली, मुकादम घरी येऊन घेऊन गेले. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला कालपासून थंडी-ताप आहे, त्याच्या आईला सकाळी रक्त द्यायला घेऊन जातेय.